वायरमनने दिलेला ताण

मी एक जुनी झारी आहे. पत्र्याची. मित्रांनो, असे म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. खरे तर तुमची-माझी मैत्री असण्याचे काही कारण नाही. गेल्या सुट्टीत तुमच्यापैकीच कोणीतरी माझ्या पोटात खडे भरून माझा खुळखुळा केला होता, ते मी विसरलेले नाही. तरी बसा. सांगायचे तर ऐकणारे लागतात, आणि आज या गच्चीवर तुमच्याशिवाय दुसरे कोणी नाही. मध्ये मध्ये बोलू नका, एवढे केलेत तरी पुष्कळ झाले.

मला एका पत्रेवाल्याने घडवले. त्याच्या दुकानात डबे, नरसाळी, पिंपांची झाकणे यांचा दिवसभर खणखणाट चाले. त्याने मला एका दुपारी उरकले. माझ्या सांध्यांना कथलाचा डाग देताना तो शेजारच्या कुलूपवाल्याशी भांडत होता, त्यामुळे माझ्या मुठीखाली एक बारीक भोक राहून गेले. काठोकाठ भरले की मी तिथून गळते. भांडता भांडता केलेल्या कामाचे असेच होते. लोक म्हणतात झारी खडूस आहे. तापट माणसाच्या हातून जन्मलेली वस्तू दुसरी कशी असणार?

तिथून मी एका रोपवाटिकेत गेले. ती रोपवाटिका एका बाईची होती. सगळे तिला मावशी म्हणत. तिच्या हाताखाली मी सतरा वर्षे राबले. मावशी गोड बोलणारी नव्हती. मला ती रडूबाई म्हणायची, का ते तुम्हाला कळले असेलच. पण बाईला काम येत होते. ती आधी मला उचलत नसे. आधी कुंडी उचलायची, जमिनीपासून वीतभर, आणि तिचे वजन हातावर घ्यायची. मग मातीत बोट खुपसायची, दोन पेरे आत. बोट कोरडे निघाले तरच मला हात लावायची. "ह्याला तहान नाही," असे म्हणून ती कितीतरी रोपांवरून मला भरलेलीच्या भरलेली पुढे न्यायची. सुरुवातीला मला राग यायचा. मी पाणी द्यायला आलेली, आणि ही बाई मला नुसती मिरवते! पण तिची रोपे मरत नसत, हे मला कबूल करावे लागले.

गिऱ्हाइके यायची, त्यांचा मात्र मला वीट होता. पानांवर बोटे फिरवायची, फुले हुंगायची आणि शेवटी विचारायची, "ह्याला रोज किती पाणी घालायचं?" जसे काही खोकल्याचे औषध. मावशी म्हणायची, "तुम्ही काय मोजून पिता का?" गिऱ्हाईक हसायचे. त्याला तो विनोद वाटायचा. घरी जाऊन ते रोज तांब्याभर ओतायचे आणि महिन्याभराने परत येऊन म्हणायचे, तुमचं रोप खराब होतं.

अशाच एका सकाळी तो म्हातारा आला. उंच, ताठ, कानाला पेन्सिल अडकवलेली, खिशात पक्कड. वीजमंडळात वायरमन म्हणून त्याची नोकरी झाली होती, आणि निवृत्त होऊन बारा वर्षे लोटली तरी त्याची पक्कड काही निवृत्त झाली नव्हती. मी त्याला वायरमनच म्हणणार. त्याने नऊ रोपे घेतली: दोन गुलाब, दोन शेवंत्या, एक मोगरा, एक जास्वंद, एक लिंबू, एक डाळिंब आणि एक बोगनवेल. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "नऊ घेतोय. ही झारी वर द्या."

आणि मावशीने दिली! सतरा वर्षांच्या चाकरीनंतर मी पिशवी द्यावी तशी वर गेले. एकदा तिने माझ्याकडे पाहिले असेल नसेल. मला अजून त्याचे वाईट वाटते.

निघताना तिने त्याला नीट सांगितले. ते शब्द मला पाठ आहेत, कारण पुढचे सगळे त्यांच्यामुळे घडले.

"नवी जागा आहे, आधी बिचकतील. कुंड्या लगेच बदलू नका. दहा दिवस थोडं थोडं पाणी घाला. पानं पिवळी पडायला लागली तर घाबरून जायचं नाही, सरळ ताण द्यायचा. आठ-दहा दिवस चांगला ताण दिलात की सावरतात. ताण कसा देतात माहीत आहे ना?"

वायरमन हसला. "बाई, चौतीस वर्षं तेच केलंय."

मावशीला वाटले, कुठेतरी बागेवर काम केले असेल. मित्रांनो, इथे कान देऊन ऐका. बागवाल्यांच्या बोलण्यात ताण देणे म्हणजे झाडाचे पाणी तोडणे. काही दिवस थेंबही द्यायचा नाही, मुळांना हवा लागू द्यायची. वायरमनच्या धंद्यात ताण म्हणजे तार. विजेचा खांब वळणावर तारांच्या ओढीने झुकू नये म्हणून त्याला उलट बाजूने जाड तार बांधून ती जमिनीत पुरतात, तिला ते ताण म्हणतात. दोघे एकच शब्द बोलले, दोघांनी माना डोलावल्या आणि दोघांपैकी एकानेही जास्त काही विचारले नाही. त्याने वहीत लिहून घेतले: पाणी रोज. पाने पिवळी, तर ताण.

त्याचे घर दुसऱ्या मजल्यावर होते. दारातून आत गेले की एक अरुंद पॅसेज, पॅसेजमध्ये शिवणाचे मशीन, आणि मशीनपुढे त्याची सून बसलेली. गच्चीत जायचे तर तिच्या पाठीमागून आडवे होऊन सरकावे लागायचे. नऊ कुंड्या घेऊन तो नऊ वेळा तसा सरकला. सुनेने नऊही वेळा मशीन थांबवले आणि एकदाही मान वर केली नाही. ही माझी त्या घराशी पहिली ओळख.

दोन दिवसांत मला कळले की कुंड्या हौसेने आलेल्या नाहीत, त्या पैजेवर आलेल्या आहेत. सुनेला गच्चीवर पत्रे टाकून तिथे शिवणकामाची खोली करायची होती. वायरमनला गच्ची उघडी हवी होती. तो झोपायचा बैठकीच्या खोलीत, जिथे दिवसभर कोणी ना कोणी असायचे. त्या घरात खुर्ची टाकून बसावे आणि कोणी ऊठ म्हणू नये, अशी त्याला तेवढी एकच जागा होती. दोघांचे रोज वाजायचे. तिने म्हणायचे, रिकामी तर पडली आहे गच्ची. त्याने म्हणायचे, मी तिथे बाग करणार आहे. शेवटी मुलाने न्याय केला. न्याय म्हणजे दोघांनाही सारखे नाराज केले. तीन महिन्यांनी गच्चीत एक जरी कुंडी जिवंत असली तर पत्र्याचे नाव काढायचे नाही. सगळ्या मेल्या तर पत्रे पडतील आणि बाबा खुर्ची घेऊन आत येतील. एवढे बोलून मुलगा कामाला निघून गेला. पुढेही तो असाच निघून जात राहिला.

सुनेने एक अट घातली. "गच्चीत चिखल झालेला चालणार नाही. कुंड्यांखाली ताटल्या ठेवा." वायरमनने ठेवल्या, चांगल्या खोल. तुम्हाला त्यात काही वावगे वाटणार नाही, कारण तुम्हाला काही कळत नाही. कुंडीच्या बुडाचे भोक पाणी निघून जायला असते. खाली तुडुंब ताटली असली की ते जाणार कुठे?

वायरमन रोज सकाळी मला दोनदा भरायचा आणि संध्याकाळी दोनदा. कुंडी उचलून बघणे नाही, मातीत बोट घालणे नाही. त्याचा हात सढळ होता आणि त्याला आपल्या सढळपणाचे कौतुक होते. "पी बाळा, पी," असे तो रोपांना म्हणायचा. पहिले काही दिवस सगळे हिरवेगार. शेजारीण कठड्यावरून वाकून म्हणाली, "काका, हाताला गुण आहे हो तुमच्या." तो इतका फुलला की त्या संध्याकाळी त्याने मला तिसऱ्यांदा भरले.

पंधराव्या दिवशी शेवंतीची खालची पाने पिवळी पडली. मग मोगऱ्याची. पाणी जास्त झाले की पाने पिवळी पडतात, पुढे रोप मान टाकते, आणि मान टाकलेले रोप तहानेल्यासारखे दिसते. इथेच माणसे फसतात. पण वायरमन फसला तो त्याच्या आधीच. त्याने वही काढली. पाने पिवळी, तर ताण.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नायलॉनची दोरी, बांबूच्या कामट्या, आकडे आणि पक्कड घेऊन बसला. प्रत्येक रोपाला त्याने तीन ताण दिले, तिन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. काही दोऱ्या कुंडीच्या काठाला, काही कठड्याच्या गजांना, काही भिंतीतल्या खिळ्यांना. गाठी अशा की वादळातही सुटू नयेत. खोडाला दोरी काचू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून मध्ये घातले. त्याचे हात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. चांगले होते ते हात, कुशल होते, आणि त्यामुळेच मला जास्त चीड आली. इतके जीव ओतून इतके चुकीचे काम करणारा माणूस मी सतरा वर्षांत पाहिला नव्हता. दिवसभर खपून त्याने ताण दिला, आणि संध्याकाळी मला भरून चार वेळा ओतले.

एक रोप मात्र त्या जाळ्याच्या पलीकडे राहिले. बोगनवेलीची कुंडी अगदी कोपऱ्यात होती. दोऱ्यांच्या पलीकडे त्याचा हात पोचेना आणि दोऱ्या सोडायला त्याचे मन होईना. "हिला काही झालेलं नाही, राहू दे," असे म्हणून त्याने तिचा नाद सोडला. बाकीच्या ताटल्या भरून वाहायच्या, त्यातला एखादा ओघळ उतारावरून तिच्या बुडापर्यंत जायचा. तेवढेच तिचे पाणी.

सून अधूनमधून खिडकीशी येऊन उभी राहायची. दोऱ्यांकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि परत मशीनवर जाऊन बसायची. मला वाटायचे, हिला यातले ओ की ठो कळत नाही.

पुढचा महिना मी सांगू नये असा गेला, तरी सांगते. रोपे आतून कुजत होती आणि बाहेरून ताठ उभी होती, कारण त्यांना पडायला मोकळीकच नव्हती. एखादे रोप खाली झुकले असते तर कोणीतरी चौकशी केली असती. पण जरा कुठे फांदी ढिली पडली की वायरमन पक्कड घेऊन यायचा आणि ताण घट्ट करायचा. गुलाबाची पाने गळून गेली तरी काड्या उभ्या. मातीवर हिरवे शेवाळ धरले, चिलटे घोंघावू लागली, कुंड्यांना गटारासारखा वास सुटला. आणि हे सगळे माझ्या तोंडून झाले. त्या कुंड्यांत गेलेला थेंब न् थेंब माझ्यातून गेला. जिने रोपे वाढवली तिलाच त्यांना बुडवायला लावले. मला त्या माणसाचा तिरस्कार वाटू लागला, आणि तो मी अजून सोडलेला नाही.

एका सकाळी लिंबाची फांदी त्याच्या हातात निघून आली. तो तसाच फांदी घेऊन पॅसेजमध्ये गेला. मी त्याच्या दुसऱ्या हातात होते.

"काय टाकतेस तू माझ्या कुंड्यांत?"

मशीन थांबले. "काय?"

"साबणाचं पाणी टाकतेस का आणखी काही? पत्रे पाहिजेत ना तुला? मी रोज पाणी घालतोय, ताण देतोय, आणि रोपं मरतायत. आपोआप मरतात का?"

"बाबा, तोंड सांभाळून बोला."

"घरात दुसरं आहे कोण करणारं?"

सून उठली, तिने पायांत चपला सरकवल्या. "त्या मावशीकडूनच आणली होती ना रोपं? त्याच बाईला घेऊन येते. तीच सांगेल कोणी काय टाकलं ते. मी एका कुंडीला बोट लावलं असेल तर मशीन विकून टाकीन." दार असे आपटले की माझ्या पत्र्याला हादरा बसला.

तासाभराने ती मावशीला घेऊन आली. मावशी गच्चीच्या दारात उभी राहिली आणि तिने समोर पाहिले. आठ वाळक्या काड्या, चोवीस दोऱ्या, सगळ्या सुतात.

"हे काय? सर्कशीचा तंबू उभारलाय का?"

"तुम्हीच म्हणालात ताण द्या," वायरमन म्हणाला. "चांगला ताण द्या म्हणालात."

मावशीने कपाळाला हात लावला. "अहो, ताण म्हणजे पाणी तोडा! दोऱ्या बांधायला कोणी सांगितलं तुम्हाला? आणि हे बांधून वर पाणी किती घालत होतात?"

"रोज चार झाऱ्या," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

तिने लिंबाची दोरी तोडली, खोड धरले आणि उपटले. ते सहज आले, मातीत काही धरून ठेवायला उरलेच नव्हते. मुळे काळी आणि बुळबुळीत झाली होती. तिने ती त्याच्या नाकासमोर धरली. "वास घ्या. साबणाचा आहे का? बुडवून मारलंत तुम्ही. आठ महिने वाढवलं होतं मी ह्याला." एकामागून एक तिने आठही रोपे उपटली आणि त्याच्या पायांशी टाकली. तो बाजूलाही सरकला नाही. त्याची चूक नुसती अडाणीपणाची होती, पण त्या चुकीचा आरोप त्याने दुसऱ्यावर केला होता, आणि तो आरोप झेललेली बाई समोर उभी होती. मला त्याची कीव आली नाही. आली असेल तर फार थोडी.

मग दोऱ्यांचे जाळे खाली आले आणि सगळ्यांचे लक्ष कोपऱ्याकडे गेले. बोगनवेल उभी होती, कसल्याही आधाराशिवाय, आणि तिला गुलाबी बहर आला होता. मावशीने कुंडी उचलून वजन पाहिले, बोट घातले आणि पहिल्यांदा जरा हसली. "हिला खरा ताण बसलाय. तुमचा हात पोचला नाही म्हणून जगली."

ती निघून गेली. मला तिने या वेळीही पाहिले नाही. म्हणजे बघा, मुदत संपायची होती, पण पैज वायरमनने जिंकल्यातच जमा होती. एक कुंडी जिवंत होती, गच्ची उघडी राहणार होती. तो खाली बसून दोऱ्या गुंडाळू लागला. सून झाडू घेऊन आली आणि माती गोळा करू लागली.

मग त्याने विचारले, "तुला माहीत होतं का, ताण म्हणजे काय ते?"

"होतं. माझ्या वडिलांची मोसंबीची बाग होती. दरवर्षी ताण दिलेला बघितलाय मी."

"मग मी दोऱ्या बांधत होतो तेव्हा?"

"खिडकीतून बघत होते."

"बोलली का नाहीस?"

तिने झाडू खाली ठेवला. "अकरा वर्षं माझं मशीन त्या पॅसेजमध्ये आहे. रोज माझ्या पाठीला घासून तुम्ही गच्चीत जाता. तू इथं का बसतेस, असं कधी विचारलंत? मी कुंडीत काही टाकलं नाही, बाबा. फक्त बोलले नाही."

मित्रांनो, मला राग ठेवायची सवय आहे, पण त्या दिवशी तो कुठे ठेवावा ते मला कळेना. म्हातारा आडमुठा होता. पण ही बाई तर जाणती होती. एक वाक्य बोलली असती तर आठ जीव वाचले असते. ती महिनाभर ते वाक्य दाबून बसली, आणि रोपे मरत गेली तसतशी तिची खोली जवळ येत गेली. मी गप्प होते, कारण पत्र्याला मोठ्या माणसांशी बोलता येत नाही. तिला येत होते.

गच्चीवर पत्रे पडले नाहीत. मशीन पॅसेजमध्येच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमनने सवयीने मला भरले, बोगनवेलीपर्यंत आला आणि थांबला. मला वाकडी करता करता त्याने सरळ धरले. मग तो मला घेऊन आत गेला आणि मशीनपाशी उभा राहिला. माझ्या मुठीखालून पाणी गळून त्याच्या पायावर पडत होते.

"सूनबाई, आज घालू का पाणी?"

ती शिवत राहिली. शिवण संपेपर्यंत तिने त्याला तिथेच उभे ठेवले. मग मान वर न करता म्हणाली, "नको. परवा."

तो परत आला आणि भरलेली झारी कोपऱ्यात ठेवून खुर्चीवर बसला. आजही तो रोज विचारतो आणि ती रोज उत्तर देते. त्याच्यापलीकडे त्या दोघांत बोलणे नाही. बोगनवेल तेवढ्यावर जगते आहे.

तेव्हा नवे रोप घरी आणाल तर ते घेताना ऐकलेला शब्द नीट समजून घ्या, आणि नाही समजला तर लाज न बाळगता विचारा. आणि कोणी समोर चुकत असेल, तर तो तुमचा नावडता असला तरी त्याला त्याच दिवशी सांगा. तुम्ही गप्प राहिलात की मरतो तो नाही, मरते ते कुंडीतले रोप. झाले माझे सांगून. आता उठा, आणि जाताना त्या बोगनवेलीवर पाणी ओतू नका. परवा घातले आहे.